इन्व्हेस्ट नऊ महिने वापरल्यावर: पानशेतच्या वरची माती आणि माझी चुकलेली खाचरं

गेल्या नोव्हेंबरपासून मी इन्व्हेस्ट वापरतेय. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या नॅचरल कॅपिटल प्रोजेक्टमधून आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कोडही खुला आहे. जंगल, माळ, पाणथळ जागा माणसाच्या किती उपयोगी पडतात ते नकाशावर मोजून देणारी बरीच मॉडेलं त्यात आहेत: कार्बन, पाणी, परागीकरण वगैरे. माझा मुक्काम मात्र एकाच मॉडेलवर होता. ते गाळाचं. सेडिमेंट डिलिव्हरी रेशो त्याचं नाव, सगळे एसडीआरच म्हणतात. काम होतं पानशेत धरणाच्या वरच्या अंगाला, आंबी नदीच्या खोऱ्यात. कुठल्या उतारावरून किती माती सुटते आणि तिथलं झाडगवत त्यातली किती अडवतं, एवढंच पाहायचं होतं.

सॉफ्टवेअर बसवायला चहा होईस्तोवरचा वेळ लागला. डेटा जमवायला दोन महिने गेले. हे नकाशे चौकोनाचौकोनांचे असतात आणि एका चौकोनात एकच आकडा मावतो. उंचीसाठी कोपर्निकसचं ३० मीटरचं मॉडेल, जमीन-वापरासाठी युरोपीय अंतराळ संस्थेचा २०२१ चा १० मीटरचा वर्ल्डकव्हर, मातीसाठी सॉइलग्रिड्स. सगळं फुकट मिळतं, पण सॉइलग्रिड्सचा चौकोन २५० मीटरचा. त्यात अख्खी वाडी, तिची खाचरं आणि वरचं टेकाड एकाच रंगात बसतं. पहिली चूक माझीच झाली. अक्षांश-रेखांशातली फाइल तशीच लावली. याला मीटरमधलं प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) लागतं, आपल्याकडे यूटीएम ४३ उत्तर नावाचं. नवीन माणसाने सगळे थर आधी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका प्रोजेक्शनमध्ये आणावेत, मगच इन्व्हेस्ट उघडावं.

दुसरी गोष्ट ओढ्यांची. किती चौकोनांचं पाणी एकत्र आलं की त्याला ओढा म्हणायचं, हा आकडा आपण द्यायचा असतो. मी १००० दिला. ३० मीटरच्या चौकोनांनी हे ९० हेक्टर होतात. नकाशात नदी दिसली, दोन मोठे ओढे दिसले, आणि पावसाळ्यात जिथे चपला हातात घ्याव्या लागतात ते सगळे ओहोळ गायब. २०० वर आणल्यावर चित्र गावाशी जुळायला लागलं. मॉडेल ओढ्यांचा वेगळा नकाशा काढून देतं. गाळाचे आकडे बघण्याआधी तो टोपोशीटवर, म्हणजे सरकारी भूनकाशावर, टाकून बघा.

आता मुख्य गोष्ट. निकाल आला तेव्हा सगळ्यात गडद लाल पट्टे भातखाचरांवर होते. जंगलाखाली हिरवं, माळावर पिवळं, खाचरांवर लालभडक. छापील नकाशा घेऊन वाडीवर गेले. एका आजोबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "आवं ताई, माती जाऊ द्यायची आसती तर खाचर बांधलं कशापायी?"

उत्तर माझ्याच तक्त्यात होतं, जमिनीच्या प्रत्येक प्रकारासाठी एकेक ओळ भरून मी मॉडेलला दिलेल्या. एसडीआरच्या पोटात यूएसएलई हे मातीची धूप काढायचं जुनं अमेरिकन सूत्र आहे. पाऊस, माती, उतार, आच्छादन आणि मृदसंधारण यांचा गुणाकार. ३० मीटरच्या चौकोनाला आपला बांध दिसत नाही, त्याला दिसतो नुसता तीव्र उतार. वर्ल्डकव्हरला खाचर आणि वरकस (बिनबांधाची उतारावरची शेती) सारखंच, दोन्ही ४० नंबरची शेती. आणि मी त्या ओळीत संधारणाचा गुणक, म्हणजे पी, सरसकट १ ठेवला होता, म्हणजे बांध नाहीच असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं.

मग उपग्रहचित्रावर एकेक खाचर हाताने आखलं. तीन आठवडे गेले, मान आखडली. शेतीचे ४१ आणि ४२ असे दोन वर्ग केले, खाचराचा पी ०.२ धरला आणि वरकसाचा १ ठेवला. लाल रंग खाचरांवरून उठून वर नाचणी-वरईच्या उतारांवर गेला.

तरी ०.२ हा माझा अंदाजच. म्हणून जुलैत एका मोठ्या सरीनंतर दोन बाटल्या भरल्या. एक वरकसाखालच्या ओहोळाची, दुसरी खाचरांच्या उतरंडीखालची. रात्रभर खिडकीत ठेवल्या. सकाळी पहिलीत नखाच्या कडेएवढा गाळ, दुसरीत पुसट रेघ. खूश झाले. पण त्याआधी, भातलावणीसाठी खाचरात चिखल करतात त्या चिखलणीच्या दिवसांत त्याच खाचरांतून सुटलेलं पाणी विटकरी लाल होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मॉडेल वर्षाची सरासरी सांगतं, चिखलणीचा आठवडा त्याला माहीत नाही.

घळी, नदीचे ढासळणारे काठ आणि दरडी यांचा हिशोब यात नाही. हे मॉडेलच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं आहे. ३० जुलै २०१४ ला माळीणला जे झालं, तसल्या धोक्यासाठी हा नकाशा कुणी वापरू नये.

पैशाचा विषय निघतोच. एका कार्यालयातल्या साहेबांनी अहवाल हातात घेतल्याघेतल्या विचारलं, "शेवटी रुपये किती?" एसडीआर टनात बोलतं. रुपये हवे तर अडलेल्या मातीला गाळ उपसण्याच्या दराने गुणायचं, आणि तिथे घसरगुंडी आहे. अडलेली माती काढताना मॉडेल आजच्या स्थितीची तुलना पूर्ण उघड्याबोडक्या जमिनीशी करतं. सह्याद्रीच्या उतारावर आणि पावसात तो आकडा प्रचंड येतो. पण अख्खं खोरं कोण बोडकं करणार आहे? मी दोन खरे पर्याय चालवले: आजची स्थिती, आणि वरच्या जंगलाच्या काही पट्ट्यात प्लॉटिंग झालं तर. दोघांतला फरक सांगितला. आकडा कितीतरी लहान झाला, साहेबांचा चेहराही.

१९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टांझा हे अर्थतज्ज्ञ आणि सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीच्या परिसंस्था-सेवांची, म्हणजे निसर्ग माणसाच्या जो उपयोगी पडतो त्याची, किंमत वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढली, तेव्हा पल्ला १६ ते ५४ असा दिला होता. लोकांनी ३३ तेवढे लक्षात ठेवले. म्हणून मी अहवालात एकच आकडा देणं बंद केलंय. खाचराचा पी ०.१ धरून एकदा आणि ०.४ धरून एकदा चालवते, आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापते.

भाषा निवडायची सोय आहे, इंग्रजीशिवाय स्पॅनिश आणि चिनी. मराठी नाही. वाडीसाठी नकाशाची सूची मी हाताने केली. 'सेडिमेंट एक्स्पोर्ट'ला 'ओढ्यात गेलेली माती' लिहिलं, तेव्हा कुणाला काही विचारावं लागलं नाही.

सध्या झऱ्यांसाठी हंगामी पाण्याचं मॉडेल लावतेय. त्याला बारा महिन्यांचा पाऊस वेगवेगळा लागतो. बाटल्या अजून खिडकीतच आहेत. आई रोज विचारते, टाकू का?