जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर ठेवू की १४४चा घेऊ?

भाचा विचारतोय, मामा, मॉनिटर ठणठणीत आहे, बदलू का? माझ्याकडे दोन्ही आहेत म्हणून सांगतो. खर्चात जुनाच जिंकतो, प्रश्नच नाही. पण ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, नवीन फ्रेम (चित्र) साधारण १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ वर ६.९, त्यामुळे व्हॅलोरंटसारख्या गोळीबाराच्या गेममध्ये (शूटर) माउस झटकन फिरवला की जुन्यावर सगळं फरफटल्यासारखं दिसतं, नव्यावर कोपऱ्यातला माणूस नीट कळतो. खोक्यावरचं '१ एमएस' (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, एक मिलिसेकंद) सोड. कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्डच सेकंदाला ६०च्या वर फ्रेम देत नसेल तर आधी ते बघ. आणि सेटिंगमध्ये १४४ निवडायला विसरू नकोस, मी आठवडाभर ६० वरच खेळत होतो! टिकायचं म्हणशील तर माझ्या जुन्याने दहा पावसाळे काढलेत. स्टोरी गेम, अभ्यास असेल तर जुनाच ठेव. रोज शूटर खेळतोस तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मार, डेड पिक्सेल (स्क्रीनवरचे बंद पडलेले ठिपके) दुकानातच बघून घे.