जोडचाकांचा व्हॉल्व्ह: एक्स्टेन्शन नळी की सलग धातूचा?

मागे जोडचाकं, म्हणजे प्रत्येक बाजूला शेजारी शेजारी दोन चाकं असलेलं जुनं मोटरहोम (राहण्याची सोय असलेली गाडी) घेतलंत, तर आतल्या चाकात हवा भरायची आणि मोजायची सोय आधी नीट करून घ्या. बाकीची कामं थांबू शकतात. सोय दोन प्रकारे होते. आहे त्याच आखूड व्हॉल्व्हवर जाळीदार वेष्टणाची एक्स्टेन्शन नळी चढवायची आणि तिचं टोक बाहेरच्या चाकाच्या कव्हरवर क्लिपने अडकवायचं. नाहीतर जुना व्हॉल्व्ह काढून रिमलाच लांब, सलग धातूचा व्हॉल्व्ह नटाने कसून बसवायचा. मी दोन्ही वापरले आहेत.

नळीची बाजू आधी मांडतो. ती बसवायला टायर उतरवावा लागत नाही. हात पोचत असेल तर चाकही काढावं लागत नाही, काम लगेच होतं आणि खर्चही कमी. टायर अजून तरुण असतील आणि प्रवास तोंडावर असेल, तर मी कोणालाही नळीपासून परावृत्त करणार नाही.

मला ती नकोशी झाली ती एका कारणाने. नळीच्या आतली पिन मूळ व्हॉल्व्हची पिन कायम दाबून धरते. म्हणजे टायरची हवा अडवून ठेवणारा मूळ दरवाजा सतत उघडाच, आणि सगळी भिस्त नळीच्या सांध्यांवर आणि टोकाच्या पिनवर. सकाळी गेज लावलं आणि आतल्या चाकात हवा कमी निघाली, की ती टायरमधून गेली की नळीतून, हे कळायला मार्ग नसे. साबणाचं पाणी लावावं तर मूळ सांधा दोन टायरांच्या मधल्या अंधारात. हवा भरून निघायचं, पण मनातली शंका गाडीबरोबर चालायची. कदाचित चांगल्या प्रतीच्या नळीला हा त्रास कमी असेल. मला मात्र आकड्यावर विश्वास ठेवता येत नव्हता, आणि विश्वास नसला की माणूस हवा तपासणंच टाळू लागतो.

जोडचाकांत हे टाळणं महागात पडतं. आतला टायर बसला तरी बाहेरचा त्याला उचलून धरतो, त्यामुळे गाडी झुकत नाही आणि चालवताना काही जाणवत नाही. सगळा भार बाहेरच्यावर येऊन तो तापतो आणि बरेचदा फुटतो तोच. ठरलेल्या हवेपेक्षा 20 टक्के हवा कमी असेल, तर अवजड वाहनांच्या धंद्यात तो टायर पंक्चरच धरतात. काठी आपटून आवाज ऐकण्याची रीत आहे, पण तिने फार तर पूर्ण बसलेला टायर कळतो, थोडी कमी झालेली हवा कळत नाही.

सलग धातूच्या व्हॉल्व्हमध्ये मधला सांधाच नाही. पिन एकच, तीही बाहेर, बोटांशी. स्क्रूने चढवायचा हवेच्या दाबाचा सेन्सर त्याला पेलतो. रबरी व्हॉल्व्हवर तो चढवला तर चाक फिरताना वजनाने रबर सतत वाकतं. मोटारीत असतो तो साधा दाबून बसवायचा रबरी व्हॉल्व्ह तर साधारण 65 पीएसआयपर्यंतचाच असतो, आणि मोटरहोमच्या टायरांत बरेचदा 80 किंवा जास्त हवा लागते. तो दिसला तर बदलाच.

धातूच्या व्हॉल्व्हलाही कटकटी आहेत. टायर उतरवल्याशिवाय तो बसत नाही. रिमप्रमाणे नेमका वाक हवा, नाहीतर कव्हरला किंवा बाहेरच्या रिमच्या भोकाच्या कडेला घासतो. बुडाशी रबराचं वायसर असतं, ते म्हातारं होतं, म्हणून टायर बदलताना तेही नवं घालावं. व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असेल तर पितळी टोपी आणि सेन्सर त्यावर गंजून जाम होतात, म्हणून मी पितळी व्हॉल्व्हच घेतले.

टायर उतरवण्याच्या खर्चाचं म्हणाल, तर आधी टायरवरच्या डॉट कोडाचे शेवटचे चार आकडे वाचा. टायर कधी बनला ते त्यावरून कळतं: 2318 म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. पूर्ण कोड एकाच बाजूला असतो, त्यामुळे टॉर्च घेऊन गाडीखाली शिरावं लागेल, स्टेपनीचाही बघा. मोटरहोम फार काळ उभं राहतं, म्हणून नक्षी शाबूत आणि रबर तडकलेलं, असं सर्रास दिसतं. टायर 7 वर्षांच्या पुढे गेले असतील तर मी ते बदलूनच टाकेन, आणि मग टायर उतरणारच आहेत. त्याच वेळी व्हॉल्व्ह बसवून घ्या. चाकं परत चढवण्याआधी, आतलं चाक हाताशी असतानाच, बुडाशी साबणाचं पाणी लावून बघायला सांगा.