साडेचौदा हजारांचे शॉकअप आणि न छापलेला एक आकडा

माझ्या मोटारसायकलचा डाव्या बाजूचा मागचा शॉकअप, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणारा स्प्रिंगचा दांडा, गळायला लागला नसता, तर हा अनुभव लिहायला मी आणखी काही महिने लावले असते. फरशीवर डाग पडावा इतके तेल गळत नव्हते. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक ओलसर पट्टी, तिच्यावर बसलेली लाल धूळ आणि मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या टोकाशी जमलेला काळपट थेंब, एवढेच दिसत होते. पण उजवा शॉकअप शाबूत असूनही गाडी मागून हाताने दाबून सोडली की एकदा वर येऊन थांबण्याऐवजी दोन-तीनदा डुलत होती, आणि याचा अर्थ आतले तेल अडवणारे सील गेले याखेरीज दुसरा निघत नाही. साडेचौदा हजार रुपये मोजून घेतलेल्या जोडीने पहिलाच पावसाळा जेमतेम काढला होता.

गाडीचे नाव लिहीत नाही, कारण साडेतीनशे सीसीच्या ज्या जुन्या वळणाच्या गाड्या सध्या रस्त्यावर दिसतात, त्यांची घडण या बाबतीत बहुतेक सारखीच आहे: पुढे १९ इंची, मागे १८ इंची चाक, मागे दोन शॉकअप आणि दोनशे किलोच्या आसपास वजन. माझे स्वतःचे वजन ६८ किलो. रोज वारजे ते हिंजवडी एकट्याने जाणे-येणे आणि सुट्टीला पत्नीसह कोल्हापूर किंवा कोकण, असा माझा वापर आहे. गाडीला एकूण तीन गोष्टी बसवल्या: मागचे शॉकअप १४,५०० रुपयांचे, तयार टूरिंग सीट ४,८०० रुपयांची आणि हँडल उंच व थोडे मागे आणणारे रायझर १,९०० रुपयांचे. मिळून २१,२०० रुपये झाले. कंपनीचे मूळ भाग मात्र मी विकले नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी कोण कशावर बोट ठेवील याचा भरवसा नसतो. ही सावधगिरी पुढे वेगळ्याच कारणाने उपयोगी पडली.

नवे शॉकअप दिसायला देखणे होते. गॅसची वेगळी टाकी, लाल स्प्रिंग, तेलाचा अडसर कमी-जास्त करण्याची खालच्या टोकाशी असलेली चकती, सगळे होते. पण एकट्याने चालवताना गाडी पहिल्या दिवसापासून कडक वाटली. आमच्या सोसायटीतील गतिरोधक हा त्यासाठी न्याय्य मापदंड नाही हे मला मान्य आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा गोलाकार उंचवटा सांगितला आहे आणि आमच्याकडे त्याच उंचीची, जेमतेम हातभर रुंद भिंत आहे. तरीही ज्या गतिरोधकावर मूळ शॉकअप निमूटपणे खाली-वर होत असत, तिथेच नव्या शॉकअपांनी पाठीच्या कण्याला थेट धक्के पोहोचवले. विक्रेत्याला फोन केला तेव्हा ‘प्रीलोड कमी करा, मऊ होतील’ असे उत्तर मिळाले. हा सल्ला गॅरेजांतून इतक्या सर्रास दिला जातो की त्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे. प्रीलोडचे कडे फिरवल्याने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही. ती आधीपासून किती दाबलेली आहे, एवढेच बदलते आणि परिणामी गाडीची मागची बाजू वर किंवा खाली सरकते. एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगला पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर तोच राहतो. प्रीलोड सर्वांत खालच्या खाचेवर आणूनही धक्के तितकेच बसत राहिले, ते याच कारणाने.

म्हणून मी विक्रेत्याला एकच साधा प्रश्न विचारला की या स्प्रिंगचा रेट किती आहे, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला किती न्यूटन जोर लागतो. उत्तर आले, ‘सर, एकदम बेस्ट क्वालिटी आहे, चालवून बघा.’ खोक्यावर आकडा नाही, माहितीपत्रकात नाही, स्प्रिंगवर नाही. खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’ हे दोन शब्द मात्र बोटभर मोठ्या अक्षरांत छापलेले आहेत. तीस रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर वजन, किंमत आणि घटक छापणे बंधनकारक असते, आणि साडेचौदा हजारांच्या वस्तूवर तिचा एकमेव महत्त्वाचा आकडा छापावासा कोणाला वाटत नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्यांना ही तक्रार क्षुल्लक वाटते, त्यांनी हा आकडा नसताना शॉकअप आपल्या वजनाला योग्य आहेत की नाहीत हे कसे ठरवावे, ते मला सांगावे.

शेवटी मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसलो. स्प्रिंगचा रेट काढण्याचे सूत्र अभियांत्रिकीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात असते: पोलादाचा दृढता गुणांक, म्हणजे सुमारे ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, गुणिले तारेच्या जाडीचा चतुर्थ घात, भागिले स्प्रिंगच्या सरासरी व्यासाचा घन गुणिले कामाच्या वेढ्यांची संख्या गुणिले आठ. जुन्या स्प्रिंगची तार ७.५ मिमी, सरासरी व्यास ५२ मिमी आणि दोन्ही टोकांचे बसते वेढे सोडून कामाचे वेढे ११ भरले. तिचा रेट सुमारे २० न्यूटन प्रति मिमी येतो. नव्या स्प्रिंगचा व्यास तेवढाच, पण तार ८ मिमी आणि वेढे १०, म्हणजे रेट जवळपास २९. तारेत केवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे, परंतु जाडीचा चतुर्थ घात होत असल्याने एवढ्यानेच स्प्रिंग सुमारे ३० टक्के कडक होते आणि एक वेढा कमी झाल्यामुळे उरलेली भर पडते. हाताने मोजलेल्या मापांत थोडीफार चूक असणार, हे धरूनही नवी जोडी जुन्यापेक्षा तब्बल चाळीस टक्क्यांनी कडक आहे, हा निष्कर्ष बदलत नाही.

पडताळा म्हणून सॅगही, म्हणजे वजनाने गाडी मागे किती खाली बसते तेही, मोजला. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक मोकळे सोडायचे, चाकाच्या आसापासून मडगार्डवरच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर टेपने घ्यायचे, मग रोजच्या वेशात, हेल्मेटसह, गाडीवर बसून तेच अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यायचे. या दोन मापांमधला फरक चाकाच्या एकूण खाली-वर होण्याच्या अंतराच्या तीस टक्क्यांच्या आसपास असावा, असा रस्त्यावरच्या गाड्यांचा ठोकताळा आहे. माझ्या गाडीत तो २७ मिमी यायला हवा. जुन्या शॉकअपांवर २५ आला होता आणि नव्यांवर, प्रीलोड अगदी कमी असतानाही, १४. चाक खड्ड्यात उतरण्यासाठी स्प्रिंगला जी ढिलाई लागते, ती निम्म्यावर आली होती. वळणावर खड्डा आला की मागचे चाक रस्ता सोडून उडी घेते असे जे मला वाटत होते, त्याचे मूळ इथे होते.

याच टप्प्यावर लिहिले असते तर शॉकअपांना मी पाचपैकी एक गुण दिला असता. पण त्यानंतर पत्नी आणि दोन बॅगांसह कोल्हापूरला जाणे झाले आणि माझे मत बदलावे लागले. खंबाटकी घाट चढताना गाडी दोन माणसांच्या ओझ्याखाली मागे बसली नाही, हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांकडे गेला नाही. परतीच्या वाटेवर बोगदा संपल्यावर उतारावर जे कुप्रसिद्ध वळण लागते, तिथेही गाडी एकदा घेतलेल्या रेषेवरून हलली नाही. कराडच्या आसपास पुलांच्या जोडांवर पूर्वी शॉकअप तळाला आपटून जो ‘ठक्’ आवाज येई, तो एकदाही आला नाही. परतल्यावर दोघांना बसवून सॅग मोजला तर २६ मिमी भरला. शॉकअप वाईट नाहीत. ते दीडशे किलोंच्या ओझ्यासाठी बनवलेले आहेत आणि ६८ किलोंच्या माणसाला विकले गेले आहेत. खोक्यावर एक आकडा असता, तर हा व्यवहारच झाला नसता.

मग गळती सुरू झाली. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. सील धूळ-चिखलाने खराब झाले असल्याने ते वॉरंटीत बसत नाही, दोन्ही शॉकअप स्वखर्चाने कुरियर करावे लागतील आणि दुरुस्तीचे २,८०० रुपये पडतील, असे तीन टप्प्यांत, दर टप्प्याला आठवड्याची विश्रांती घेऊन, कळवण्यात आले. महाराष्ट्रात धूळ आणि चिखल नसलेला रस्ता कुठे आहे, हा माझा प्रश्न अनुत्तरितच राहिला. वॉरंटीच्या कागदावर चिखलाचा उल्लेख नव्हता, म्हणून मी बिलाची प्रत आणि सगळा पत्रव्यवहार जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर मात्र फोन आपणहून आला, दुरुस्ती विनामूल्य झाली आणि कुरियरचे ६४० रुपये तेवढे माझ्या माथी राहिले. ते मी अजून मागतो आहे.

ही जोडी बाहेर असताना माळ्यावरचे मूळ शॉकअप पुन्हा बसवले. त्याच सुमारास ओळखीच्या मिस्त्रींनी पुढचे चाक उचलून हँडल दोन बोटांनी हळूहळू फिरवायला लावले. मधोमध आल्यावर हँडल एका खाचेत बसल्यासारखे अडकत होते. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेल्याची ही खूण आहे. सरळ रस्त्यावर गाडी खिळल्यासारखी जाते आणि वळणात शिरताना मात्र हट्टीपणा करते, आणि चालवणारा दोष मागच्या शॉकअपांना देत बसतो. गोळ्यांच्या कोनसेटऐवजी टेपर रोलरचा बसवला, त्याचे मजुरीसह १,६५० रुपये झाले. तो आवळताना मिस्त्रींनी बराच वेळ घेतला, कारण प्रमाणाबाहेर आवळल्यास कमी वेगात गाडी डावी-उजवीकडे भरकटते. त्याच बैठकीत पुढच्या फोर्कमधले, म्हणजे पुढचे चाक धरून धक्के झेलणाऱ्या दोन नळ्यांमधले, तेल बदलले. निघालेले तेल काळे पडले होते आणि त्याला करपट वास येत होता. ऑइलसीलसह १,२०० रुपये. शिवाय ४५० रुपयांचा हवा मोजण्याचा गेज घेतला, तेव्हा कळले की कोपऱ्यावरच्या पंपावरचे ‘३२ पौंड’ प्रत्यक्षात ३७ असतात. टायर एवढे फुगवलेले असले की कोणताही शॉकअप दगडासारखाच वाटणार.

या ३,३०० रुपयांच्या कामांनंतर, मूळ शॉकअपांवर, एकट्याने चालवताना गाडी इतकी सुधारली की चांदणी चौकाच्या उतारावर मी दोनदा वेग कमी करून खात्री करून घेतली. हँडल हलके झाले, खड्डा लागल्यावर फोर्क खाली जाऊन एकदाच वर येतो आणि तिथेच थांबतो. पत्नीला मागे बसवल्यावर मात्र मूळ शॉकअप आजही कमी पडतात. तिथे नव्यांना तोड नाही.

रायझरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. खांदे आणि मनगटे यांना आराम मिळतो. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून पाहावे. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे असे समजावे. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर यांच्याकडेही तेव्हाच नजर टाकावी.

सीटचे प्रकरण अधिक चीड आणणारे आहे, कारण फोम उत्तम आहे. तीन तास बसूनही माकडहाड दुखत नाही आणि बैठक सपाट असल्याने ब्रेक दाबल्यावर माणूस टाकीकडे घसरत नाही. पण शोभेसाठी बैठकीच्या बरोबर मधोमध पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिलाई घातली आहे. पावसात उभी राहिलेली गाडी वरून पुसून कोरडी केली आणि बसलो की त्या शिलाईच्या भोकांतून पाण्याचे बारीक बुडबुडे वर येतात आणि पुढचा अर्धा तास ओल्या पॅंटने काढावा लागतो. नाना पेठेतल्या सीटवाल्याने ३५० रुपयांत रेक्झिन उचकटून आत जाड प्लॅस्टिकचा कागद घातला आणि प्रश्न मिटला. ४,८०० रुपयांत कारखान्याला हा कागद परवडला नाही.

दुरुस्त होऊन आलेली शॉकअपची जोडी आता लांबच्या, दोघांच्या प्रवासाच्या आदल्या रात्री चढवतो आणि परतल्यावर उतरवतो. दोन्ही बाजूंना वर-खाली मिळून चार बोल्ट आहेत, पाने हाताशी असले तर अर्ध्या तासाचे काम आहे. हा उद्योग किती काळ चालेल सांगता येत नाही. अकरा हजारांना घ्यायला एक जण तयार आहे, परंतु तो एकटाच फिरतो आणि माझ्याहून हलका आहे, त्यामुळे त्याला अजून होकार दिलेला नाही. बहुतेक वेळा दोघांनी आणि सामानासह फिरणारे कोणी असेल, तर त्यांनी आधी आपले वजन कळवावे, किमतीचे नंतर पाहू.