'तोलेदो १५८०' असे कोरलेला खंजीर

माद्रिदमध्ये दर रविवारी भरणाऱ्या एल रास्त्रो या जुन्या बाजाराच्या परिसरातील एका दुकानातून मी दोन वर्षांपूर्वी ८५० युरो रोख मोजून एक खंजीर घेतला. तो सोळाव्या शतकातला, तलवारींसाठी प्रसिद्ध असलेल्या तोलेदो या स्पॅनिश शहरातल्या नामांकित कारागिराने घडवलेला आणि तलवारबाजीत डाव्या हातात धरायचा आहे, असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात तो पर्यटकांसाठी बनवलेला शोभेचा माल निघाला. नोकरीनिमित्त किंवा सहलीसाठी इकडे येणारे आपले बरेच लोक अशा वस्तूंपाशी रेंगाळताना दिसतात, म्हणून ही फसगत कशी झाली ते लिहितो आहे.

मला या वस्तूचा मोह पडण्याचे कारण आमच्या घरातच होते. खंडेनवमीला आमच्याकडे एका जुन्या फिरंगेची पूजा होते. युरोपातून आलेल्या पात्याला देशी मूठ चढवली की ती फिरंग, एवढे लहानपणापासून ऐकलेले. त्यामुळे अशी पाती जिथे घडत त्या देशातला एखादा खंजीर तिच्या शेजारी असावा, असे मनात होते. दुकानदाराने पाते उजेडात धरले तेव्हा मधल्या पन्हळीत एका बाजूला 'नो मे साकेस सिन राथोन' आणि दुसऱ्या बाजूला 'नो मे एन्बाइनेस सिन ओनोर' अशी अक्षरे दिसली. कारणाशिवाय मला उपसू नकोस, मान राखल्याशिवाय म्यान करू नकोस, असा त्यांचा अर्थ. मुठीजवळ 'तोमास दे आयाला, तोलेदो १५८०' असे होते. मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर शोधले. ते वचन जुन्या स्पॅनिश पात्यांवर खरोखरच आढळते आणि आयाला हा त्या काळातला खराखुरा कारागीर आहे, हे कळल्यावर माझी खात्री पटली. नाव खरे असले तरी ते कोणीही कशावरही कोरू शकतो, हा साधा विचार त्या क्षणी सुचला नाही.

पहिली शंका आली ती काही महिन्यांनी, माद्रिदच्या राजवाड्यातले शस्त्रागार पाहताना. जुन्या पात्यांवरची अक्षरे एकसारखी नसतात. छिन्नीचा एकेक घाव वेगळा ओळखता येतो, कुठे खोल तर कुठे उथळ. शिवाय त्या काळात मोठ्या अक्षरांत 'यू'च्या जागी 'व्ही' कोरण्याची रीत होती. माझ्या खंजिरावरच्या 'साकेस'च्या स्पॅनिश स्पेलिंगमध्ये चांगला गोलाकार 'यू' होता, आणि 'राथोन'मधल्या 'ओ'वर आजच्या शाळेत शिकवतात तशी आघाताची तिरकी रेघ होती. सोळाव्या शतकातला कारागीर ती रेघ कशाला देईल? त्याच रेघेसाठी स्पॅनिशच्या वर्गात माझे गुण कापले गेले होते; तरी विकत घेताना ती नजरेतून सुटली.

पुढचे काम जुनी शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी दहा मिनिटांत उरकले. त्यांनी भिंगातून दाखवले की अक्षरांच्या तळाशी हत्याराची एकही खूण नाही. पात्यावर लेप चढवून, त्यात अक्षरे खरवडून ती आम्लाने कोरलेली होती. मग त्यांनी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस पात्यावरून फिरवला. चारशे वर्षांचा म्हणून मी ज्याचे कौतुक केले होते तो काळेपणा बुटाच्या पॉलिशसारखा कापसावर उतरला. शेवटी मुठीच्या टोकाचे बोंड त्यांनी पिळले आणि ते चक्क फिरून हातात आले. जुन्या खंजिरात पात्याचे शेपूट मुठीतून आरपार काढून बोंडावर ठोकून बसवलेले असते. इथे त्याला यंत्रावर पाडलेले आटे होते. मुठीच्या आतले पोलाद अगदी लखलखीत, गंज फक्त बाहेरून दिसणाऱ्या भागावर.

नकली नावांचा हा धंदा आजचा नाही, हेही त्यांच्याकडूनच कळले. तोलेदोची कीर्ती होती तेव्हा जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर आपल्या पात्यांवर आयाला, साहागुन अशी स्पॅनिश नावे बिनदिक्कत कोरत असत. म्हणजे पाते खरोखर जुने निघाले, तरी नावावरून गाव ठरवता येत नाही. मी त्यांना घरच्या फिरंगेचा फोटो दाखवला. तिच्यावर विळ्यासारख्या दोन दातेरी चंद्रकोरी आहेत आणि ती इटलीतल्या जिनोआची खूण असल्याचे मी पाहुण्यांना अभिमानाने सांगत आलो होतो. ती खूण हिंदुस्थानात आणि कॉकेशसमध्येही सर्रास उतरवली जात असे, असे म्हणून त्यांनी फोन परत दिला. आता खंडेनवमीला मी त्याबद्दल काही बोलत नाही.

खरे तर धोक्याची सूचना दुकानातच मिळाली होती. स्पेनच्या १९८५ च्या वारसा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर सरकारी परवानगी लागते. खंजीर भारतात न्यायचा आहे असे मी सांगितल्यावर दुकानदार हसून म्हणाला, "काही कागद लागत नाहीत, मोठ्या सामानात टाका." वस्तू १५८० ची असती तर ती अशी नेणे बेकायदेशीर ठरले असते. पण ती तशी नव्हतीच, म्हणजे कागद लागत नाहीत, एवढे तरी तो खरे बोलला होता.

मी परत गेलो तेव्हा त्याने वाद घातला नाही. इथे प्रत्येक दुकानात ठेवावा लागणारा तक्रारीचा छापील अर्ज त्याने स्वतःहून पुढे केला आणि माझीच पावती माझ्यासमोर उलगडली. तिच्यावर शतक, तोलेदो किंवा आयाला यांपैकी काहीच नव्हते. 'दागा देकोरातिवा', म्हणजे शोभेचा खंजीर, नग एक, एवढेच लिहिलेले होते, आणि खाली माझी सही होती.