मानेमागची दोन बोटं: अवघड अंगासाठी रेडीमेड कोट की शिवलेला?

छाती 42, पोट 40, उंची पाच फूट चार इंच, मान पुढे झुकलेली आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. असं अंग असेल तर दुकानातला मुलगा आधी 42 काढतो, मग 44 काढतो आणि शेवटी म्हणतो, "काका, ऑल्टर करून देऊ की." टेलरकडे गेलात तर तो टेप गळ्यात अडकवत म्हणतो, "रेडीमेडच्या भानगडीत पडू नका, मापाने शिवून देतो." दोघांचंही अर्धंच खरं असतं. कोकणात लग्नाच्या तोंडावर हा निर्णय बहुतेक जण घाईत घेतात. सूट एप्रिल-मेच्या घामात घालायचा असतो, म्हणून दोन्ही बाजू जरा सावकाश बघू. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच. दुसऱ्या बाजूने निर्णय घेणाऱ्यांकडेही त्यांची कारणं असतात, हे मला मान्य आहे.

आधी रेडीमेडचं गणित. सेटमध्ये येणाऱ्या सूटात छाती आणि कंबर यांच्यात साधारण सहा इंचांचा फरक धरलेला असतो. 40 चा कोट घेतला की 34 कंबरेची पँट, 42 ला 36. स्लिम फिटमध्ये हा फरक सात-आठ इंचांवर जातो. वरच्या मापाच्या माणसाला 42 चा कोट चालेल, पण पँट 40 ची लागेल. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत चांगल्या कपड्यात फार तर दीड ते दोन इंच माया (आत दुमडून ठेवलेलं जादा कापड) असते. म्हणजे 36 ची पँट ओढूनताणून 38 होते आणि तिथेच थांबते. म्हणून अशा अंगाने सेट घ्यायचाच नाही. कोट आणि पँट वेगवेगळ्या मापात देणारं दुकान शोधायचं. नसेलच मिळत, तर फक्त कोट घ्यायचा आणि पँट वेगळ्या रंगाची शिवून घ्यायची. पँट शिवण्यात कोकणातले टेलर कुठेही कमी पडत नाहीत, तो त्यांचा रोजचा हात आहे.

कोट निवडताना पोटाकडे नाही, खांद्याकडे बघायचं. पोटावर बसावा म्हणून मोठं माप घेतलं की खांदा बाहेर लटकतो, आणि खांदा आत घेणं हे ऑल्टरेशनमधलं सगळ्यात महाग आणि सगळ्यात बेभरवशाचं काम आहे. त्यासाठी बाही उसवावी लागते, मुंढा (बाही जोडायचा गोल) नव्याने कापावा लागतो, पॅड कमी करावं लागतं आणि बाहीचा वरचा गोल भाग पुन्हा चोळून बसवावा लागतो. इतकं करूनही बाहीच्या माथ्यावर खळी राहू शकते. तपासायची सोपी रीत अशी: कोट घालून भिंतीला आडवं उभं राहायचं आणि हळूहळू खांदा भिंतीकडे न्यायचा. दंड टेकायच्या आधी पॅड टेकून चुरगळलं तर कोट मोठा आहे, तो परत द्या.

खांदा बसला की बटण लावा. बटणापासून दोन्हीकडे फुलीसारख्या चुण्या पडल्या तर पोटावर ताण आहे. त्यावर इलाज आहे. बाजूच्या शिवणींत माया असेल तर दोन्हीकडून मिळून इंचभर सोडता येतं, आणि बटण अर्धा इंच कडेकडे सरकवलं तर आणखी थोडी जागा मिळते. माया किती आहे ते अस्तरावरून शिवण चिमटीत धरून कळतं. आत कापडाची जाड दुमड लागली तर आशा आहे. नुसती धारेसारखी शिवण लागली, तर दुकानदार काहीही म्हणो, सोडायला तिथे काही नाही.

बुटक्या अंगाला आणखी एक अडचण येते. कोट खालून इंचभर छोटा करता येतो, त्याहून जास्त केला की खिसे कडेला चिकटल्यासारखे दिसतात. पण बंद करायचं बटण कुठे येतं ते कुणालाच बदलता येत नाही. ते बेंबीच्या जवळ किंवा जरा वर यायला हवं. बेंबीच्या इंचभर खाली आलं तर कोट उंच माणसासाठी कापलेला आहे, आणि त्यात पाय आणखी आखूड दिसतात. कोटाच्या लांबीत शॉर्ट, रेग्युलर, लाँग असे प्रकार असतात. पण आपल्याकडच्या दुकानात रेग्युलरच जास्त असतो, शॉर्ट मुद्दाम मागून घ्यावा लागतो.

आता शिवलेल्या सूटाबद्दल. 58 इंच पन्ह्याचं कापड सव्वातीन मीटर घ्या. पोट मोठं असेल तर साडेतीन, कारण माया मोकळ्या हाताने ठेवता येते. टेलर चांगला असेल तर तो तीन गोष्टी करतो ज्या रेडीमेडला कधीच जमत नाहीत. उतरलेल्या खांद्यासाठी एकाच बाजूला वेगळा उतार कापतो. झुकलेल्या पाठीसाठी मागचा भाग लांब ठेवतो. आणि पोट पुढे असेल तर पुढच्या भागाला लांबी देऊन खिशाच्या रेषेत लपलेला कट घेतो, म्हणजे पोटावरून कापड गोल वळतं आणि खाली कोट पुढून उचलला जात नाही. पुढून उचललेला कोट बाजूने बघितला की लगेच ओळखू येतो: मागची कड खाली, पुढची वर. रेडीमेडमध्ये हा दोष दुरुस्त होत नाही, कारण वाढवायला पुढे कापडच नसतं.

म्हणून एक रेघ मी स्पष्ट ओढतो. पोटाचं माप छातीइतकं किंवा छातीपेक्षा जास्त असेल तर शिवूनच घ्या, पुढे विचार करायचं कारण नाही. पोट छातीपेक्षा दोन-तीन इंचांनी तरी कमी असेल तर मात्र खरा पेच आहे, आणि तिथे माझं पारडं एका छोट्या, पण फार त्रासदायक गोष्टीने झुकतं.

ती गोष्ट म्हणजे कॉलर. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला मागून चिकटून बसायला हवी आणि वर शर्टाची अर्धा इंच पट्टी दिसायला हवी. अवघड अंगावर ती मानेपासून सुटते. मध्ये दोन बोटं जातील इतकं अंतर पडतं आणि पाठीमागून कोट दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा वाटतो. आपल्याला स्वतःला आरशात ते दिसत नाही, पण फोटोत दिसतं आणि पंगतीत मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसतं. बाही आखूड असली तर माणूस ती ओढून घेतो. कॉलरचं अंतर दिवसभर तसंच राहतं.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण इलाज कारणावर ठरतो. खांदे चौकोनी, वर उचललेले असतील (होडी ओढणाऱ्या, वल्ही मारणाऱ्या माणसांचे असतात तसे), तर कोट खांद्यांच्या टोकांवर टेकतो आणि मानेपाशी तरंगतो. तिथे कॉलरच्या खाली एक आडवी वळी पडते. हा दोष दुरुस्त होतो: कॉलर मागून उसवून पाव ते अर्धा इंच खाली बसवायची, वळी निघून जाते. खांदे उतरते असतील तर वळ्या तिरक्या, मानेकडून काखेकडे पडतात. त्याला पाव इंचाचं जादा पॅड पुरतं. एकाच खांद्याची गोष्ट असेल तर एकाच बाजूला. तिसरं कारण पाठीचं. मान पुढे आणि पाठ गोल असेल तर मागच्या कापडाला जास्त लांबी लागते. ती नसली की कोट मागे ओढला जातो आणि कॉलर सुटते. इथे ऑल्टरवाला फक्त कॉलर थोडी आखूड करून खांद्याची शिवण मानेकडून दाबू शकतो. फरक पडतो, पण अंतर पूर्ण जात नाही. आणि सीटवर, म्हणजे मागे बसायच्या भागावर, कोट घट्ट असला तरी कापड वर चढून कॉलर ढकलली जाते. तेव्हा मागचे कट (खालच्या कडेपासून वर गेलेल्या चिरा) उघडे पडलेत का ते आधी बघा. उघडे पडले असतील तर सीट सोडली की कॉलर आपोआप बसते, तिला हात लावायची गरज नाही.

आता दोन्ही वाटा शेजारी ठेवून बघा. शिवलेल्या कोटात कच्च्या टाक्यांची ट्रायल होते तेव्हा बऱ्याच ठिकाणी कॉलर लागलेलीच नसते, कधी बाह्यासुद्धा नसतात. टेलर खडूने खुणा करतो, छाती-कंबर बघतो आणि "बाकी मी सांभाळतो" म्हणतो. कॉलर चढते शेवटी. म्हणजे ज्या दोषाने अख्खा सूट बिघडतो तो कोट हातात आल्यावर, बहुधा हळदीच्या आदल्या दिवशी, पहिल्यांदा दिसतो. त्या वेळी अस्तर बंद झालेलं असतं, टेलरकडे आणखी वीस कोट टांगलेले असतात आणि मुंबईहून आलेले चाकरमानी त्याच्या दारात उभे असतात. त्याची दानत चांगली असली तरी वेळ नसतो.

रेडीमेडमध्ये कॉलर पैसे देण्याआधी दिसते. प्रत्येक कंपनीचं कटिंग वेगळं असतं. एकाची पाठ लांब असते, एकाचे खांदे सरळ, एकाचे उतरते. एकाच मापाचे पाच-सहा कंपन्यांचे कोट घालून बघितले तर त्यातल्या एखाद्याची कॉलर न सांगता मानेला चिकटते. असा एक कोट सापडला की बाकीचं सगळं, बाही, बाजू, पँट, गावातल्या टेलरच्या हातात सोपवता येतं. मोजपट्टी घेऊन हे सिद्ध करून दाखवता येणार नाही. पण झुकलेल्या मानेवर कॉलर बसलेली मी जास्त वेळा शोधून घेतलेल्या रेडीमेडमध्ये बघितली आहे, घाईत शिवलेल्या कोटात फार कमी. उत्तम टेलर कॉलर कच्च्या टाक्यांनी लावूनच ट्रायल देतो. असा कारागीर तुमच्या ओळखीचा असेल आणि हातात तीन आठवडे असतील, तर त्याच्याकडेच जा. ऑर्डर देतानाच विचारा: "ट्रायलला कॉलर लावलेली असेल ना?" उत्तर गुळमुळीत आलं तर निर्णय झाला.

रेडीमेडच्या वाटेत गाठ पडते ती पर्यायांची. पाच-सहा कंपन्यांचे कोट एका ठिकाणी मिळायला रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्लीने कऱ्हाड, सावंतवाडी-कुडाळकडून पणजी किंवा मुंबईची एक फेरी करावी लागते. ऑनलाइन मागवायचा मोह होतो, पण तिथे फक्त छातीचा आकडा मिळतो, कॉलर कळत नाही. जाताना लग्नात घालणार तोच शर्ट आणि तेच बूट न्या आणि कुणाला तरी बरोबर न्या. आरशासमोर ताठ उभं राहू नका. रोज उभे राहता तसेच उभे राहा, हात खाली सोडा, आणि बरोबरच्याला फक्त मान बघायला सांगा. मग खुर्चीत बसा, उठा, पुन्हा मान. मोबाइलवर मागून एक फोटो काढून घेतलात तर सगळ्यात बरं.

कापडाबाबत थोडक्यात. रेडीमेडमध्ये बहुतेक पॉलिएस्टर-व्हिस्कोस असतं, शिवण्यात तुम्हाला टेरीवूल (पॉलिएस्टर आणि लोकर यांचं मिश्रण) किंवा लिनन निवडता येतं. आपल्या दमट हवेत हा फायदा खरा आहे. रेडीमेड घ्यायचाच तर पाठीत अर्धंच अस्तर असलेला बघा. छातीचं कापड चिमटीत धरून चोळून बघा: आत वेगळा सरकणारा थर लागला तर आतला कॅनव्हास शिवलेला आहे, सगळं एकच जाड कापड लागलं तर गोंदाने चिकटवलेलं फ्यूजिंग. फ्यूजिंग वाईट नाही, पण चुकीच्या गरम इस्त्रीने आणि वारंवार ड्रायक्लीनने त्यावर बुडबुडे येतात आणि ते जात नाहीत. पावसाळ्यात ड्रायक्लीनवाल्याचं प्लास्टिक काढून टाका, सुती कापडाचं कव्हर घाला आणि रुंद हँगर वापरा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते.

कोट गावी आणल्यावर टेलरला कामाचा क्रम सांगून द्या, कारण प्रत्येक बदल पुढच्याला सरकवतो. पहिल्यांदा सीट आणि मागचे कट. मग कॉलर आणि खांद्याचं पॅड. त्यानंतर बाजूच्या शिवणी. दर टप्प्यावर घालून बघा, सगळं एकदम उसवू देऊ नका. बाहीची लांबी सगळ्यात शेवटी, कारण पॅड वाढलं की बाही वर जाते, कॉलर खाली घेतली की बाही पडण्याची रीतही बदलते. मनगटापाशी बटणांची काजं नुसती दिखाव्याची असतील तर खालूनच इंच-सव्वा इंच कमी होतं, शर्टाचा अर्धा इंच कफ दिसेल इतकी बाही ठेवा. काजं खरी कापलेली असतील तर बाही वरून, मुंढ्याकडून उसवून आखूड करावी लागते. ते काम घेण्याआधी त्याने असं कधी केलंय का ते विचारा, आणि नसेल केलं तर तेवढं एक काम कोल्हापुरात किंवा मुंबईत करून घ्या.