इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाडीचे मागचे पॅड आणि हा स्कॅनर : पावसाळाभर वापरल्यावर

पावसाळ्याच्या तोंडावर सर्व्हिस सेंटरने मागच्या पॅडबरोबर दोन्ही कॅलिपर (पॅड चकतीवर दाबून धरणारे भाग) बदलायला सांगितले. कारण काय, तर "पिस्टन मागे जात नाही." पिस्टन म्हणजे कॅलिपरमधला पॅडला ढकलणारा दट्ट्या, नवे जाड पॅड बसवायला तो मागे सारावा लागतो. कॅलिपर गळत नव्हते, जामही नव्हते. माझ्या गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकमध्ये पिस्टनच्या मागे मोटरने फिरणारा स्क्रू असतो. तो आधी मागे घेतल्याशिवाय पिस्टन हलणारच नाही, आणि क्लॅम्प लावून जबरदस्ती केली तर आतले गिअर तुटतील. एवढ्यासाठी चांगले कॅलिपर भंगारात घालायचे? मी गाडी तशीच बाहेर काढली. कॅलिपरच्या खर्चाच्या जेमतेम तुकड्यात हँडब्रेकचा सर्व्हिस मोड (मोटरकरवी स्क्रू मागे घेण्याची सोय) असलेला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायचं यंत्र, आला, आणि गोडोलीतल्या आमच्या मिस्त्रींबरोबर पॅड बसवले.

स्कॅनर गाडीशी झटकन जोडला जातो, बिघाडाचे कोड नीट वाचतो. त्यावर तक्रार नाही. माझा राग एकाच गोष्टीवर आहे. सर्व्हिस मोडचं बटण दाबलं की हा लगेच 'कम्प्लीट' दाखवतो, आणि मागे मोटर अजून घरघरतच असते! मी पान्हा उचलला तसे मिस्त्री म्हणाले, "दादा, आवाज थांबू द्या की." बरोबर होतं त्यांचं. स्क्रू अर्ध्यात असताना कोणी पिस्टन दाबला तर जे नुकसान टाळायला हे यंत्र घेतलं तेच व्हायचं. आणि हे लिहिलंय कुठे? माहितीपुस्तकात एक ओळ नाही. म्हणून पडद्यावरच्या शब्दावर जाऊ नका, दोन्ही चाकांचा आवाज थांबल्याची खात्री करा.

सर्व्हिस मोडमध्ये हँडब्रेक सुटलेला असतो. गाडी सपाटीवर हवी, पुढच्या चाकांना ठोकळे हवेत, नुसत्या जॅकवर भरवसा नको. कॅलिपर उघडा असताना कोणी हँडब्रेकचं बटण ओढलं तर मोटर पिस्टन बाहेर ढकलते. मी बटणावर चिकटपट्टी लावली आणि चावी खिशात ठेवली. काही जण मोटरला थेट बारा व्होल्ट देऊन स्क्रू फिरवतात. शेवटाला पोचल्यावर तिला थांबवणारं कोणी नसतं, तो प्रकार नकोच. पिस्टन दाबताना ऑइल टाकीत वर चढतं, तिकडे लक्ष ठेवा. काम झाल्यावर पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं, मग सर्व्हिस मोड बंद करायचा, आणि त्यानंतरच गाडी हलवायची.

आधी मी भेटेल त्याला हा स्कॅनर घे म्हणत होतो. आता म्हणत नाही. कऱ्हाडच्या मेहुण्याच्या गाडीत पेडल आणि बटण ठरावीक क्रमाने दाबून सर्व्हिस मोड लागतो, स्कॅनर लागतच नाही. आधी आपल्या गाडीची सर्व्हिस पुस्तिका बघा, पैसे वाचतील.

पॅडवर मात्र मी खूश आहे. सुरुवातीला थोडे कुरकुरले, मग शांत झाले. यवतेश्वर घाटाच्या धुक्यात, कासच्या चिखलात कुठेही दगा दिला नाही. दिवाळीआधी चाक काढून पाहिलं तर आतला आणि बाहेरचा पॅड सारखाच झिजलेला. बसवताना मिस्त्रींनी स्लाइड पिना (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या) पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं होतं, हे त्याचं फळ. पॅड बदलताना हे ग्रीस लावणं बरेच जण टाळतात आणि मग एकच पॅड लोखंडापर्यंत जातो.

स्कॅनरच्या कंपनीला 'कम्प्लीट'बद्दल लिहून कळवलं. त्यानंतर अपडेट आलं, पण त्यात हे सुधारलेलं नाही. पाचापैकी तीन तारे देतोय. मोटर थांबल्यावरच तो शब्द दिसू लागला की चार करीन.