वॅगनआर की आय-टेन? रोजच्या ऑफिसासाठी जुनी गाडी घेताना

दोन-अडीच लाखांच्या आत, रोज जाऊन-येऊन तीस-चाळीस किलोमीटर, निम्मा रस्ता सिग्नलचा. एवढं सांगितलं की बहुतेकांची यादी शेवटी दोन नावांवर येते: २०१० ते २०१८ मधली वॅगनआर आणि २००७ ते २०१७ मधली आय-टेन. (ग्रँड आय-टेन ही वेगळी गाडी. एजंट बोलताना दोन्ही एकाच दमात घेतात, म्हणून आधीच विचारून घ्या.)

पण दोन्ही नावांखाली दोन-दोन इंजिनं विकली गेली आहेत. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी आरसीचा (नोंदणीपत्राचा) फोटो मागवा आणि सीसीचा, म्हणजे इंजिनाच्या आकाराचा, आकडा वाचा. वॅगनआरवर १०६१ असेल तर ते २०१० आधीचं जुनं मॉडेल, ९९८ असेल तर तीन सिलिंडरचं के-सिरीज इंजिन. आय-टेनवर १०८६ म्हणजे सॅन्ट्रो झिंगच्याच कुळातलं १.१, आणि ११९७ म्हणजे चार सिलिंडरचं कप्पा. इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघड-बंद ठेवायला ९९८ आणि ११९७ मध्ये साखळी म्हणजे टायमिंग चेन आहे, १०६१ आणि १०८६ मध्ये पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट.

हा फरक किरकोळ नाही. बेल्ट रबराचा असतो. तो किलोमीटरने झिजतो तसा नुसत्या वयानेही कडक होतो, त्याला तडे जातात. साधारण साठ हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल तेव्हा तो बदलायचा. आय-टेन १.१ मध्ये चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं. त्यामुळे ‘बारा वर्षांत फक्त पस्तीस हजार चाललीय, डॉक्टरांची गाडी’ हे ऐकून खूश होऊ नका. त्या गाडीत बेल्ट कंपनीचाच, बारा वर्षांचा असण्याची शक्यता जास्त. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा, बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) दोन्हीचा खर्च किमतीतून वजा करून मगच आकडा बोला.

चेन आयुष्यभर टिकते असं म्हणतात, पण ते तेल वेळेवर बदललं तरच. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पुढून दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त खडखड आली तर चेन सैल झालेली असू शकते. म्हणूनच गाडी थंड असताना बघायची. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

बसायला आणि चालवायला या दोन गाड्या अगदी वेगळ्या आहेत. वॅगनआर उंच आणि अरुंद. आई-वडिलांना वाकून आत शिरावं लागत नाही, पेठेतल्या बोळात आरसे सहज निघतात. पण मागे तिघं बसले की खांद्याला खांदा लागतो. एक्स्प्रेसवेवर ट्रक शेजारून गेला की गाडी हलते. आय-टेन तिच्यापेक्षा दहा-बारा सेंटिमीटरने जास्त रुंद आणि बुटकी आहे, रस्त्याला चिकटून चालते. डिकी २२५ लिटरची, वॅगनआरची १८०. आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई करणाऱ्याने कप्पावाली आय-टेनच बघावी, त्यात वाद नाही.

सिग्नलला एसी लावून उभं राहिल्यावर वॅगनआर थोडी थरथरते, तीन सिलिंडरचा तो स्वभाव आहे. पण आरसा इतका हलतोय की मागची नंबरप्लेट वाचता येत नाही, गिअरचा दांडा नाचतोय, तर इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) खराब झालंय. त्याने घाबरून गाडी सोडायचं कारण नाही, माउंटिंग बदलता येतात. खड्ड्यात पुढून ‘टकटक’ आली तर पुढच्या सस्पेन्शनमधले लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश (रबरी नळकांडी) बघा. हेही स्वस्तातलं काम, शिवाय वॅगनआरचे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात.

आय-टेनची खास खोड स्टिअरिंगमध्ये. गाडी उभी असताना स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं झटकून बघा. हातात बारीक ‘कट्’ जाणवलं तर इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या मोटरमधलं रबरी कपलिंग विरलेलं असतं. भाग नखाएवढ्या किमतीचा, पण त्यासाठी अख्खा कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) उतरवावा लागतो, म्हणून मजुरीच जास्त. काही गॅरेजवाले थेट नवा कॉलम सांगतात. आधी फक्त कपलिंगबद्दल विचारा.

क्लच दोन्ही गाड्यांत एकाच पद्धतीने तपासा: हँडब्रेक घट्ट ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर ठीक. रेंगाळत चालूच राहिलं तर प्लेट संपलेली आहे, आणि प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट भावात धरायचा.

आता पेट्रोल. महिना हजार किलोमीटर धरू. ट्रॅफिकमध्ये वॅगनआर ९९८ ने पंधराचं ॲव्हरेज दिलं तर ६७ लिटर, कप्पाने साडेबाराचं दिलं तर ८० लिटर. १०४ रुपये भावाने महिन्याला साधारण चौदाशे रुपयांचा फरक. जाहिरातीतला आकडा (वॅगनआरचा २०.५१) चाचणीच्या खोलीतला आहे, हिंजवडीच्या रांगेतला नाही. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. या वयाच्या गाडीत टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप एकदा बोटाने दाबून बघा. चिकट किंवा भेगाळलेले असतील तर बदला.

कंपनीची सीएनजी असलेली वॅगनआर मिळाली तर गणित बदलतं. किलोला २४ किलोमीटर आणि ९० रुपये भाव धरला तर महिन्याचे पावणेचार हजार होतात, म्हणजे पेट्रोलवरच्या वॅगनआरपेक्षा बत्तीसशे वाचतात. विकणारा त्यासाठी ५० हजार जास्त मागत असेल तर ते सोळा महिन्यांत वसूल. अटी मात्र आहेत. आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं नोंदलेलं हवं, सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी झालेली हवी, आणि डिकी नाही हे घरच्यांना आधी सांगितलेलं हवं.

सीएनजी म्हटलं की टॅक्सीचा संशय घ्यायचाच. मुंबईत काळी-पिवळी म्हणून वॅगनआर भरपूर धावल्या आणि त्यातल्या काही नंतर खासगीत वर्ग झाल्या. दरवाजाच्या चौकटीवरची रबरी बिडिंग छताजवळ चार बोटं ओढून काढा. खाली पिवळा रंग दिसला तर मीटरवरचा आकडा विसरा. एरवीही मीटरपेक्षा क्लच-ब्रेकच्या पेडलची रबरं खरं बोलतात. चाळीस हजारांच्या गाडीत ती गुळगुळीत होत नाहीत.

पत्र्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. इंजिन-क्लच दुरुस्त होतं, सडलेला पत्रा पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. एमएच-०७, ०८ (सिंधुदुर्ग, रत्नागिरी) किंवा मुंबईची गाडी असेल तर खारी हवा खाल्लेली असणार: जॅक लावायच्या जागा, दरवाजांच्या खालच्या कडा, बॉनेट उघडल्यावर शॉकॲब्सॉर्बरचे वरचे टॉवर, हे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. ‘ठण्’ ऐवजी ‘भद्’ आवाज आला तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सांगली-कोल्हापूर (२०१९) आणि चिपळूण (२०२१) या पुरांतल्या गाड्या कुठेही विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा आणि पुढच्या कार्पेटखाली हात घाला. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी नको, कारण वायरिंगचे दोष वर्षभर हप्त्याहप्त्याने निघतात.

सुरक्षिततेत दोघींचंही कौतुक नाही. ग्लोबल एनकॅप या गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या आय-टेनला शून्य स्टार मिळाले होते. एबीएस-एअरबॅगवालं व्हेरिएंट शोधा, म्हणजे आय-टेनमध्ये ॲस्टा आणि वॅगनआरमध्ये व्हीएक्सआयचं ऑप्शनल मॉडेल. वीस-पंचवीस हजार जास्त गेले तरी घ्या. अल्टो ८०० याहून स्वस्त पडते आणि एकट्याने जायला पुरते, पण तिचं ७९६ सीसीचं इंजिन बेल्टवालं आहे.

कागदपत्रांत पंधरा वर्षांची रेघ मोजा. २०१२ ची गाडी २०२७ ला पुन्हा पासिंगला जाणार. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात कारण तिथे पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली. इथे आणल्यावर एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र), महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर धरून हिशोब करा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षा नंबरप्लेट) लागलेली, हे सगळं हवं. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याची हप्त्यातली सूट) विकणाऱ्याकडेच राहतो, त्यामुळे जुना हप्ता बघून अंदाज बांधू नका. पैसे देण्याआधी त्याचा फास्टॅग त्याच्याकडूनच बंद करून घ्या. एका नंबरवर एकच फास्टॅग चालतो, आणि जुना चालू राहिला तर नवा निघत नाही.